पाच-दहाची

विद्यापीठ मुंबईत आहे.
रत्नागिरीत त्याचं नुसतं उपकेंद्र:
जांभ्याचा गडगा, एक झेरॉक्स, एक कँटीन,
आणि निकाल, जो तिकडून येतो,
यायचा तेव्हा.

तिकडे म्हणे रात्री अकरापर्यंत वाद चालतात,
प्रेमं जमतात, मोडतात, पुन्हा जमतात.
आमचं सगळं पाच-दहापर्यंत.
पाच-दहाला गेटशी पावस गाडी लागते
आणि अर्ध्यावरचं वाक्य खिडकीत जाऊन बसतं.
गोळपची प्रचिती, पावसचे दोघे शिवलकर,
चुलत, पण बोलत नाहीत, जमिनीवरून;
भाट्याचा सुयोग गुरव, रोज म्हणतो, उद्या थांबतो गं;
आणि स्टँडला उतरून मिरकरवाड्याला चालत जाणारी
तंझिला सोलकर.
मागे राहते मी, जिंतूरची,
आणि कँटीनच्या ओट्यावरलं मांजर,
आमच्या कपांच्या तळाशी काय उरलं ते बघत.

तंझिला रोज डिओ मारून येते, दोनदा.
कारण कळायला मला एक सत्र लागलं.
प्रॅक्टिकलला सर फॉर्मॅलिनच्या बरण्या दाखवतात,
आम्ही लॅटिन नावं घोकतो,
ती पुटपुटते: लेप. सौंदाळा. शेंगटी, काटा जपून.
सरांनी वळून पाहिलं की मान खाली.
आमच्याकडे मासा येलदरी धरणातला,
बाजारात एकाच नावाचा: मासा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाच-दहाची आली नाही.
साडेपाच. सहा.
गुरव डेपोला फोन लावतो, डेपो म्हणतो, निघालीय.
मला आतून उकळ्या फुटत होत्या.
आता थांबतील सगळे. आता होईल आमचीही रात्र.
खोलीतून चिवडा आणला, चादर आणली,
तर जो तो फोनवर:
हो आई. नाही आई. एकटी नाहीये. पप्पांना सांगू नको.
प्रचिती रडवेली.
शिवलकरांतला थोरला धाकट्याला म्हणाला,
दोन वर्षांत पहिल्यांदा काही म्हणाला:
तुझ्या फोनला चार्ज किती आहे?

सातला तंझिलाचा भाऊ आला, बर्फाचा टेम्पो घेऊन.
वास येईल, ती म्हणाली, आधीच सांगते.
कुणी काही बोललं नाही. चढलो.
मीही चढले. मला कुठेच जायचं नव्हतं.

क्रेट पालथे घालून बसलो,
खालून बर्फाचं पाणी चपलांत.
भाट्याच्या पुलावर गुरव काहीतरी बोलला
आणि सगळे इतके हसलो,
काय ते वाऱ्याने नेलं,
आता विचारलं तर त्यालाही आठवत नाही.
मग भाट्ये. गोळप. पावस.
एकेक क्रेट मोकळा होत गेला.
शिवलकर एकाच फाट्यावर उतरले, दोन वाटांना लागले,
पण धाकटा थांबला,
मोबाइलचा उजेड थोरल्याच्या पायांपुढे धरून,
जेवढा चार्ज होता तेवढा.

परतताना मागे आम्ही दोघीच.
डिओ उडून गेला होता.
मी विचारलं, बर्फ कुठून आणता?
ती पूल येईपर्यंत सांगत राहिली:
कारखाना, लादीचा भाव, सीझनची उधारी,
लादीखाली गेलेलं अब्बांचं बोट.
बरणीतलं टिकतं, म्हणाली.
आमचं संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे.

हॉस्टेलला साडेनऊ.
रेक्टर बाई दारातच, रजिस्टर उघडं.
नाव, खोली, वेळ, उशिराचं कारण.
मी लिहिलं: बस आली नाही.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
तू कुठे गं बसने जातेस?

उत्तर सुचेना. खाली बघितलं,
तर मांजर कँटीन सोडून आलेलं,
माझ्या ओल्या चपला
मन लावून हुंगत होतं.